लाल बटनावरचं बोट

चेतनाला काळजी करायला कारण लागत नाही. त्या सकाळी मात्र कारण होतं, आणि तेही तिच्याच हातून घडलेलं.

कुडव्यात एका किराणा दुकानामागच्या खोलीत ती राइस मिलसाठी कंट्रोल बोर्ड बनवते. देवरीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी. डिप्लोमा झाला, नागपुरात नोकरी झाली, मग 'आपलं काहीतरी करू' म्हणून ती परत आली. घराला कुलूप लावून निघाली, की कोपऱ्यावरून माघारी येऊन कुलूप ओढून बघणार, असा स्वभाव. "हिच्या जिवाले थाराच नाई," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

तर त्या सकाळी टेबलावर एक बोर्ड तपासताना चेतनाने लाल बटन दाबलं. मोटर थांबायला हवी होती. ती आपली फिरतच राहिली, आणि मग उशिराने थांबली. चेतनाने ती चालू करून पुन्हा दाबलं, तर झटक्यात थांबली. आणखी एकदा दाबलं, तर परत उशीर.

बोर्डावरचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. तापमान वाच, पडद्यावर आकडे लिही, बटन दाबलंय का बघ, अशी कामं रांगेत उभी असतात. पाळी इतक्या भरभर फिरते, की सगळं एकदमच चाललंय असं वाटावं. पण मिलच्या दुर्गाप्रसाद शेठने हट्ट धरला, की मशीनची खबर मोबाइलवर आली पाहिजे. चेतनाने तेही काम रांगेत घुसवलं. नेटवर्क गेलं की हे नवं काम टॉवरच्या उत्तराची वाट बघत अडून बसायचं आणि त्याच्यामागे बटन ताटकळायचं. एरवी तिच्या खोलीत नेटवर्क छान असतं, म्हणून चाचणीत हे कधी दिसलंच नव्हतं. आज नेमकं गेलं आणि दिसलं.

खरं तर बटनाला रांगेत उभंच करायचं नसतं. त्याला इंटरप्ट द्यायचा, म्हणजे हातातलं काम जिथल्या तिथे टाकून प्रोसेसर आधी त्याच्याकडे धावतो. हे चेतनाला झोपेतही सांगता आलं असतं. तरी घाईत ते राहिलं, आणि असाच बोर्ड मिलमध्ये कधीचा चालू होता.

एवढ्याशा उशिराने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. त्याने जागेश्वरमामाला बघितलेलं नाही. हा गावनात्याने तिचा मामा, तिच्याच शब्दावर मिलमध्ये लागलेला. तिथे धान वर चढवणारा बादल्यांचा पट्टा आहे, त्याला एलिव्हेटर म्हणतात. ओलं धान खाली अडकलं की मेन स्विच बंद करून झाकण उघडायचं, असा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. तो भिंतीवरच आहे. प्रत्यक्षात सगळी मिल थांबू नये म्हणून मामा चालत्या पट्ट्याखाली हात घालून धान मोकळं करतो आणि त्याचा जोडीदार उदाराम लाल बटनावर बोट ठेवून उभा राहतो. मामाने "हो!" म्हटलं की उदाराम बटन दाबतो. दोघांचा सगळा भरवसा त्या बटनावर.

नेटवर्क येताच तिने शेठला फोन लावून मिल बंद ठेवायला सांगितलं.

"बेटी, सीज़न है. उबला धान टंकी में पड़ा है, बंद किया तो खट्टा हो जाएगा. शाम को आ जा."

"शेठजी, शाम तक कोई हाथ न डाले!"

"हाँ, हाँ, बोल देता हूँ."

तो बोलणार नाही, हे त्या 'हाँ हाँ'मध्येच कळत होतं. मामाचा फोन मिलमध्ये चालत नाही. चेतनाने लॅपटॉप पाठीला अडकवला आणि स्कूटी काढली. रस्ताभर धानाचे ट्रॅक्टर. प्रत्येक ट्रॅक्टरमागे तिच्या डोळ्यांपुढे मामाचा हात येत होता, आणि त्या हाताला बोटं नव्हती.

ती पोचली तेव्हा मामा गुडघ्यावर बसला होता, बाही खांद्यापर्यंत चढवलेली, हात आत. चेतना ओरडली. त्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने धावत जाऊन मेन स्विचच खाली ओढला.

मिल मुकी झाली. मामाने हात बाहेर काढला. अख्खा होता. चेतना पोत्यांवर बसली आणि रडली.

शेठ तणतणत आला. "चूक माझी आहे," ती एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. बटनाला इंटरप्ट दिला. मग मेन चालू करून, मोबाइलचं नेटवर्क मुद्दाम तोडून बटन दाबलं. पट्टा जागच्या जागी थांबला. पुन्हा चालू करून दाबलं, पुन्हा थांबला. शेठचाही पारा उतरला आणि त्याने पट्टा चालू करायला सांगितलं.

"आता तं झालं ना चांगलं?" मामा परत बाही चढवू लागला.

"मामा, मेन बंद कर ना."

"कायले? तूच तं दुरुस्त केलं. तुह्यावर भरोसा नाई का मले?"

त्याने हात आत घातलासुद्धा. चेतनाने उदारामला बाजूला सारलं, आपलं बोट बटनावर ठेवलं आणि लगेच दाबलं.

"काऊन दाबलं वं? मी आवाज नाई देला."

"मले वाटलं देला."

उदारामने पट्टा पुन्हा सुरू केला. मामाचा हात झाकणाशी पोचतो न पोचतो, तोच तिने परत दाबलं. मग आणखी एकदा. उदाराम हसायला लागला.

"हे पोरगी काम करू नाई देऊन राहिली!" मामा वैतागून उठला, तरातरा भिंतीपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने मेन खाली ओढला. मग पुटपुटत परत येऊन बसला आणि खांद्यापर्यंत हात घालून निवांत धान उपसू लागला.

पट्ट्यात वीज नव्हती. तरी त्याचा हात बाहेर येईपर्यंत चेतनाने बटनावरचं बोट काढलं नाही.