खुणा राहून गेलेली चिठ्ठी

बाबा काल दुपारी गेले.

आमचं शेवटचं धड बोलणं भांडणाचं होतं. तेही एका ठिपक्यावरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा दादा नोकरीसाठी व्हिएतनामला गेला, तिथेच लान वहिनीशी लग्न केलं आणि चार वर्षांपूर्वी तिथेच आजारपणात गेला. मागे राहिली त्याची मुलगी, आन. आता सात वर्षांची आहे.

आनला मराठी येत नाही, इंग्रजीही नाही.

बाबांनी बडनेऱ्याला आयुष्यभर टपालाची वर्गवारी केली. कुणाचंही गिचमिड अक्षर वाचायचे. पण नातीचं पहिलं पत्र आलं, तेव्हा नुसते बघत बसले.

मग एक्काहत्तराव्या वर्षी मोबाईलवरून व्हिएतनामी शिकायला लागले.

मी अकोल्याहून रविवारी अमरावतीला आले की वही पुढे करायचे. अक्षरं आपल्या एबीसीडीचीच, पण वर-खाली खुणाच खुणा. टोपी किंवा शेपटी असली की अक्षरच बदलतं. तिरप्या रेघा, हुकासारखा आकडा, नागमोडी आणि खालचा ठिपका म्हणजे आवाजाचा चढउतार. कधी एकाच अक्षरावर दोन्ही.

"ma म्हंजे भूत. रेघ वर चढवली का má, म्हंजे माय. खाली ठिपका देल्ला का mạ, धानाचं रोप."

सुरुवातीला त्यांनी रेघ विसरून नातीला विचारलं होतं, तुझं भूत कसं आहे. आन आठवडाभर हसत होती म्हणे. बाबांनी मात्र त्या दिवसापासून एकही खूण सोडली नाही.

यंदा पासपोर्ट काढला. तिच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, आजोबा कधी येणार.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचं पत्र मी मोबाईलवर टाईप करून देत होते. माझी बस निघायची होती. मी खुणा गाळायला लागले. म्हटलं, बाबा, ती घेईल समजून.

"तिनं काहून समजून घ्यावं? सात वर्साची पोरगी हाये. तिले जसं दिसन तसंच वाचन. एक ठिपका द्याले तुले किती टाईम लागते?"

मी चिडले. फोन त्यांच्या हातात दिला आणि स्टँडवर निघून आले.

तिसऱ्या दिवशी त्यांना मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

दवाखान्यात त्यांनी डाव्या हाताने खूण करून कागद मागितला. फार वेळ लावून दोन शब्द लिहिले.

cho ong

एकही खूण नाही.

ong ला टोपी नव्हती, तरी तेवढं मला कळलं. ông, आजोबा. पहिला शब्द कळेना. फोटो काढून वहिनीला पाठवला.

वहिनीचा तिच्या इंग्रजीत रिप्लाय आला. खुणेशिवाय सांगता येत नाही. 'आजोबांना द्या' असेल. 'आजोबांसाठी थांब' असेल. 'आजोबांना गाडीवर घेऊन चल' असंही असू शकतं.

म्हणजे काहीतरी मागत असतील, असं मला वाटलं. पाणी दिलं. दादाचा फोटो दिला. आनची सगळी पत्रं आणून दिली. ते तोंड फिरवत राहिले.

मग घरून त्यांची वही आणली. एकेका खुणेवर बोट ठेवून विचारत गेले. ही का बाबा? ही का?

त्यांनी पेन धरायचा प्रयत्न केला. पेन पडलं. मी परत दिलं, परत पडलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. कडेनं पाणी येत होतं.

मी मराठीत बोलत होते, ते मराठीत ऐकत होते, आणि मला माझ्या बापाचा एक शब्द वाचता येत नव्हता.

काल ते गेल्याचं मी वहिनीला कळवलं. आज सकाळी तिच्याकडून एक फोटो आला. बाबांच्या त्या कागदाची प्रिंट आहे. आनने लाल पेन्सिलने स्वतःच खुणा भरल्यात.

chờ ông

आजोबांसाठी थांब.

वहिनीने खाली लिहिलंय, "मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना सांगतेय, आजोबांनी मला थांबायला सांगितलंय. आता मी काय करू?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाबांना तेच म्हणायचं होतं का, हेही मला माहीत नाही.

बाबा, तुम्हाला शेवटचा जयभीम.