ज्याचं ताट त्याच्या हातात

कौसामावशी जेवून उठली की तिच्या हातात तिचं ताट असायचं. लग्नाच्या मांडवात, विहारातल्या भोजनदानाला, नांदेडच्या हॉटेलात, एकदा तर एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर. वाढपी धावत यायचे, "मावशी, ठेवा हो, आम्ही आहोत ना." मावशी त्यांच्या बाजूनं निघून नळ शोधायची. नळ नसला तर तांब्याभर पाणी मागून घ्यायची आणि कुठल्या तरी झाडाच्या बुडाशी बसून ताट विसळायची. कुणी हसलं तर तिचं एकच वाक्य ठरलेलं असे. "ज्याचं ताट त्याच्या हातात. याच्यात लाज कायची?"

ती डोंगरकडा गावातल्या आमच्या अंगणवाडीत मदतनीस होती. मी तीन वर्षांची असताना तिच्या हाताखाली बसले. खिचडी झाली की ती आम्हाला ओळीनं हातपंपावर न्यायची. गावातली, तांड्यावरची, आमच्या वस्तीतली, सगळी पोरं एकाच ओळीत. प्रत्येकाच्या हातात आपापली थाळी. धड चालता न येणारी पोरंही थाळी छातीशी धरून डुलत डुलत यायची. मावशी दांडा हापसायची आणि ओरडायची, "ए, त्याची काहून घेऊन राहिलास? तुझी घास!"

मोठी झाल्यावर मी तिला या ओळीमागची गोष्ट विचारली. ती हळद निवडत बसली होती, बोटं पिवळीजर्द झाली होती. मान वर न करता तिनं सांगितलं. तिची आई आयुष्यभर लोकांच्या लग्नांत उष्ट्या पत्रावळी उचलत राहिली. जेवायला मिळायचं ते पत्रावळीवर उरलेलंच. पुढं कौसामावशी अंगणवाडीत लागली तेव्हा गावातल्या काही आया म्हणाल्या, हिनं शिजवलेलं आमची लेकरं खाणार न्हाईत. आठवडाभरात त्याच म्हणाल्या, बरं, खातील. पण थाळ्या हिनंच घासायच्या.

"शिजवू नको म्हणत व्हत्या त्या बाया, पण उष्टं उचल म्हणत व्हत्या," मावशी म्हणाली. "मंग मी बी ठरवलं. कुणाचंच उचलणार न्हाई, आन माझं कुणाला उचलू देणार न्हाई. दोन्ही बाजूनं बराबर."

माझ्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. समता, हक्क, स्वाभिमान हे शब्द मी अंकलिपीच्या आधी वाचले असतील. पण त्या शब्दांचा अर्थ मला कळला तो त्या हातपंपावर. कुठल्याही पत्रकापेक्षा ती पोरांची ओळ मोठी होती, असं मी आजही मानते.

मावशी निवृत्त झाली त्या वर्षी तिच्या मुलानं, सुधीरनं, जाहीर केलं की आईला जहाजावर न्यायचं. सुधीर पुण्यात कंपनीत आहे. मुंबईहून निघायचं, समुद्रात राहायचं, गोव्याला उतरायचं आणि परत यायचं. गावात दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. तांड्यावरचे रामूकाका रोज ओट्यावर यायचे आणि विचारायचे, "कौसाबाई, बुडालं तर पोहता येतं का?"

"तुमी शिकवा की," मावशी म्हणायची. "पाटाच्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेले न्हाईत कधी, आन मला इचारून राहिले!"

तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण. "तिथं बी पल्याडचा काठ दिसतो," ती मला म्हणाली. "कुठं बी पाहा, पल्याड कुणाचं तरी रान दिसतंच. मला एकदा असं पाणी बघायचंय, ज्याला काठच न्हाई. चारी बाजूनं. मधात उभी राहून गोल फिरून बघणार."

आयुष्यात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट मला ठाऊक आहे. म्हणून मी पेटले. तिला त्या जहाजावर सगळं मिळालं पाहिजे, रुपयातले सोळाच्या सोळा आणे. पहिल्यांदा जहाजावर जाणाऱ्यांनी काय करावं ते मी मोबाइलवर दोन दिवस वाचलं आणि मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवून दिलं. जहाजावर लवकर चढायचं. बॅगा खोलीत उशिरा येतात, म्हणून एक लुगडं आणि गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवायच्या. पहिल्याच दिवशी सगळं जहाज पायी फिरून बघायचं. मळमळलं तर आल्याचा तुकडा चघळायचा. खोलीत बसून राहायचं नाही. सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं, काठ नसलेलं पाणी तेव्हा बघायचं.

शेवटची ओळ माझी स्वतःची होती. ती कुठं वाचलेली नव्हती. "तिथं एकही ताट उचलायचं नाही. जन्मभर राबलात. बसून खाणं हा तुमचा हक्क आहे." खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

मावशीनं बोट ठेवून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "हे जमल का गं मला?"

"जमवायचं," मी म्हणाले. "साहेब लोक बसून खातात, मग आपण का नाही?"

"तू शिकलेली हायस," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून तिनं ती कमरेच्या पिशवीत ठेवली.

ती परत आली तेव्हा मी धावत गेले. ओट्यावर बसली होती. जायच्या आधीपेक्षा लहान दिसत होती. रामूकाकांनी विचारलं, "काय कौसाबाई, मासे भेटले का?" तिनं फक्त हात हलवला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं, थोडं तिच्याकडून, थोडं सुधीरकडून.

खोलीला खिडकी नव्हती. "पडदा व्हता भितीवर," मावशी म्हणाली. "मी हौसेनं सरकवला. मागं भीतच." पण त्याचं तिनं काही वाटून घेतलं नाही. माझ्या कागदाप्रमाणे तिनं जहाज पायी पालथं घातलं, आलं चघळलं. संध्याकाळी मोठ्या जेवणघरात ती सुधीर आणि सुनेसोबत बसली. जेवण झालं आणि उभ्या आयुष्याची सवय तिच्या आधी उठली. ती ताट घेऊन निघाली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मध्येच एक बाई आडवी आली. पस्तीस-चाळीसची, बारीक डोळ्यांची, आसामकडची असावी. गणवेश घातलेली, छातीवर नावाची पट्टी. तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं. "अम्मा, छोड़ दीजिए. साहब देखेगा तो मुझे बोलेगा."

मावशीनं ताट सोडलं. त्या बाईनं जाता जाता तिच्या खांद्याला हात लावला, हसली. मावशीला ती आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मावशी मुद्दाम तिच्याच टेबलावर बसली. मोडक्या हिंदीत दोघी बोलल्या. तिला दोन मुली होत्या, आईकडे ठेवल्या होत्या, सात महिने पाहिल्या नव्हत्या. हे ऐकल्यावर त्या बाईनं आपलं उष्टं उचलावं हे मावशीला सोसेना. पण ताट न्यायचं नाही हेही लक्षात होतं. मग तिनं मधला मार्ग काढला. आपलं, सुधीरचं, सुनेचं ताट टेबलावरच्या कागदानं लख्ख पुसलं, एकात एक रचलं, चमचे वर आडवे ठेवले आणि टेबलही पुसून घेतलं. अंगणवाडीत पोरांनी घासलेल्या थाळ्या ती अशाच रचून ठेवायची.

ते जेवणघराच्या मुकादमानं पाहिलं. कोटवाला माणूस होता. तो मावशीला काही बोलला नाही. तिला वाकून नमस्कार केला, माफी मागितली. मग त्या बाईला भिंतीशी नेलं आणि हळू आवाजात बोलत राहिला. पाहुण्याला काम करायला लावलं, असा त्याचा समज झाला होता. मावशी मध्ये पडली. "उसकी गलती न्हाई. मी केलं. मेरी आदत है." माणूस परत वाकला. पुन्हा माफी मागितली.

दुपारी ती बाई जेवणघरात नव्हती. मावशीनं दुसऱ्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "उसको नीचे भेज दिया, अम्मा. बर्तन में."

मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. "बर्तनमंदी," ती म्हणाली. "सगळ्या जहाजाचं उष्टं. माझ्यापायी."

पुढचा सगळा वेळ तिनं त्या बाईला शोधण्यात घालवला. खाली जायचे जिने पाहुण्यांना बंद होते. ती प्रत्येक बंद दारापाशी उभी राहिली. ज्याच्या अंगावर गणवेश दिसेल त्याला हात जोडून सांगत राहिली, तिला वर आणा, चूक माझी हाय. सगळे गोड हसायचे आणि तिला हाताला धरून लिफ्टपर्यंत पोहोचवायचे. नाव कुणी विचारलं की तिला सांगता यायचं नाही. पट्टी इंग्रजीत होती. मावशीला मराठी वाचता यायचं, तेही बोट ठेवून.

शेवटी सुधीर चिडला. सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, तू आता मदतनीस न्हाईस! इथं तरी सुखानं बस ना." हे मला पुढं त्यानंच सांगितलं. "मला तिची लाज वाटली न्हाई गं," तो म्हणाला. "लोक बघत होते, त्याची वाटली." तो लोकांच्या नजरेला भ्यायला, आणि मी तर तिला घरूनच चुकीचं शिकवून पाठवलं होतं.

त्यानंतर मावशी जेवणघरात गेली नाही. खिडकी नसलेल्या खोलीत बसून घरून नेलेल्या भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. वर्तमानपत्राच्या कागदावर, म्हणजे ताटच नको. गोव्याला उतरली नाही. परतीच्या शेवटच्या सकाळी सूनच तिला बळजबरीनं वरच्या मजल्यावर घेऊन गेली.

"दिसलं का गं पाणी?" मी विचारलं. "काठ नसलेलं?"

"दिसलं की," ती म्हणाली. "चारी बाजूनं व्हतं. गोल फिरून बी पाहिलं. पर पायाखाली ती व्हती ना. मी जिथं उभी, त्याच्या खाली कुठं तरी ती घासून राहिली व्हती. पाण्याकडं ध्यानच लागंना."

मग तिनं कमरेची पिशवी उघडून माझा कागद काढला. घडीवर फाटत आला होता. "तू लिवलेलं सगळं बराबर व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोसलं असतं. "लवकर चढा, वर जा, बसून खा. समदं मी काय करायचं ते. त्या बाईसाठी एक ओळ बी न्हवती याच्यात, लेकरा."

मी तेव्हाही हरले नव्हते. मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. मावशीकडून पट्टीवरच्या अक्षरांचे आकार काढून घेतले. पहिलं तिपाईसारखं, मधलं वेटोळं, शेवटी पुन्हा तिपाई. तारीख लिहिली, टेबल लिहिलं, घडलेलं सगळं लिहिलं, तिला परत वर घ्या अशी मागणी केली. लगेच उत्तर आलं. तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, पुढच्या प्रवासाला आम्ही तुमची वाट पाहतो आहोत. मी आणखी तीन पत्रं पाठवली. तेच उत्तर तीन वेळा आलं. मावशी दर आठवड्याला विचारायची, "आलं का काही?" मग महिन्यानं विचारायला लागली. मग विचारेनाशी झाली.

तिचं ते वाक्यही बंद झालं. वस्तीतल्या एका लग्नात मी तिच्या शेजारी बसले होते. जेवण झाल्यावर ती ताट हातात घेऊन उठली नाही. वाढपी बाई येईपर्यंत तशीच बसून राहिली, खाली बघत. बाई आली, तिनं ताट उचललं. मावशीनं डोळे मिटून घेतले.

मला ओरडायचं होतं, मावशी, ऊठ. पण कुठल्या तोंडानं सांगणार? ताटाला हात लावला तर एकीला शिक्षा होते, न लावला तर मावशीची आई पुन्हा पत्रावळी उचलायला वाकते. हा पेच मावशीनं तयार केलेला नव्हता. ज्यांनी केला ते जहाजाच्या कुठल्याच मजल्यावर दिसत नाहीत.

या उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी काही नाही. सुधीरनं पुण्यानुमोदनाचं जेवण कळमनुरीच्या एका मंगल कार्यालयात ठेवलं. कंत्राटदाराची माणसं होती, टेबलं होती, पांढरी कापडं होती. रामूकाका माझ्या समोर बसले होते. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "ती असती तर आता नळ शोधत फिरली असती."

माझं जेवण संपलं. मी ताट घेऊन उठले. ठरवून उठले. आज तरी, तिच्या नावानं. कार्यालयाच्या मागच्या दाराशी नळ होता, मी तिथवर पोहोचले. तोटीला हात लावला तेवढ्यात मागून एक बाई धावत आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबण.

"ताई, ठेवा ना," ती हळूच म्हणाली आणि मागं वळून बघितलं. "मालक बघून राहिला. मला बोलणी बसतील."

तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं होतं. मी पण धरलं होतं. तिच्या मागं, जमिनीवर, उष्ट्या ताटांची रास माझ्या कमरेएवढी होती.

मी तिला तिचं नाव विचारलं. तेवढंच मला सुचलं. तिनं सांगितलं, घाबरून सांगितलं, आणि लगेच विचारलं, "काहून, ताई? माझं काही चुकलं का?"

मी ताट सोडलं.