विहीणबाईंची बर्फाची पेटी

अर्नाळ्यापासून कळंबपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या विहिणीला न घाबरणारा एकच माणूस होता, आणि तो मी. आता ती समोर नसते म्हणून हे जरा जास्त जोरात सांगतो, एवढंच. ती माझ्या सुनेची आई, अर्नाळ्याची, अंगणवाडीची बाई. उंची एवढीशी, पण आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीवाल्याने जाळं टाकायचं थांबावं. पोरांना डोस पाजणं हे तिचं काम होतं असं कागदावर असेल, खरं तर ती तिची खोड होती. माणसं ती नावाने ओळखतच नसे. मिशा फुटलेल्या गड्याला भर बाजारात म्हणायची, "गोवराच्या सुईला माझा हात चावलेला तो तूच ना रे?" माझ्या मुलाच्या हळदीला आली तेव्हा आधी जावयाचा दंड वळवून लशीचा व्रण आहे का ते पाहिलं, मग हळद लावली. बारशाला गेली की पाळण्यात डोकावण्याआधी कार्ड मागायची. एकदा तर मयताला आलेली, माणसं रडतायत आणि ही बाई कडेवरच्या पोरांच्या करंगळ्या बघत फिरतेय, डोसाची शाई लागलीय का. मी म्हटलं, "विहीणबाई, निदान इथे तरी नको." तर म्हणते, "इथंच सगळी एका जागी सापडतात, व्याहीबुवा. एरवी पळतात."

पोलिओच्या फेऱ्या चालू होत्या त्या वर्षांत तिला आमचं कळंब नेमून दिलं. रविवारी देवळापुढे टेबल मांडायचं, सोमवारपासून राहिलेल्यांच्या घरोघर जायचं. डोस झाला त्या दारावर खडूने अक्षर काढायचं, नाही झाला तिथे फुली. आमच्या आळीत नुसत्या फुल्या. साहेब आले, भाषणं झाली, चित्रं चिकटवली. बाया आपल्या म्हणत, पोर झोपलंय, पोर मामाकडे गेलंय. खरं कारण कोणी तिच्या तोंडावर बोलेना, कारण ते तिच्याच गावाला लागायचं. आमच्या होड्या लहान, सकाळी गेल्या की दिवस मावळायच्या आत परत, मासळी तडफडत घरी येते. अर्नाळ्याच्या मोठ्या होड्या कित्येक दिवस बाहेर, त्यांची मासळी बर्फात. त्यामुळे कळंबच्या बाईला बर्फातलं म्हणजे शिळं, आणि लपवायचं असतं तेच बर्फात घालतात. आता हे औषध बर्फाच्या पेटीत यायचं, आणि वर अर्नाळ्याच्या बाईच्या खांद्यावरून.

आळीत पहिलं घर माझं आणि सगळ्यात ठसठशीत फुलीही माझीच. नातू दीड वर्षाचा. मुलगा आणि सून माझ्यापुढे बोलत नसत. त्या सोमवारी विहीणबाई दारात उभी राहून म्हणाली, "आना पोराला."

"आमच्याकडे बर्फातलं खात नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"ताजं असतं तर बर्फ कशाला लागला असता? तुम्हा अर्नाळ्याच्या लोकांना सवय आहे, तुम्हाला चालतं."

मला वाटलं, आता ही भडकणार. तिने पेटी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "अख्ख्या आळीचं हेच म्हननं हाय?"

"आळीचं मी कसं सांगू?"

"हो गं आई, हेच," सून आतून बोलली. पहिल्यांदाच बोलली.

मग मी पळवाट काढली. म्हटलं, नातू तुमचाही आहे, आजोळी आला की पाजा गुपचूप, मी काही बघायला येत नाही. तेव्हा त्या बाईचा आवाज खाली आला. "चोरून पाजायला मला काय अवघड? पन बाया तुमच्या दाराकडं बघतात, व्याहीबुवा. त्यांची पोरं कशी चोरू? मागच्या आळीतली ती पोर पाय ओढत चालते, बघता ना रोज? तिच्या आज्यानंबी मला असंच दारातून परतवलं होतं." पेटी उचलून गेली.

गुरुवारी परत हजर. बाया बोंबील वाळत घालत होत्या, सगळ्यांना हाका मारून माझ्या ओट्याशी जमवलं. दोन बाटल्या काढल्या. "ही रिकामी. सोमवारी संपली, तेव्हापासून माझ्या पत्र्यावर उन्हात पडलीय. आनि ही आत्ता पेटीतली. व्याहीबुवा, मासळी घेताना काय बघता?"

"कल्ले." हे काय विचारणं झालं?

"मग हे बाटलीचे कल्ले बघा."

बाटलीवर जांभळा गोल, गोलात चौकोन. पेटीतल्या बाटलीचा चौकोन पांढरा, उन्हातलीचा काळवंडून गोलात मिसळलेला. म्हणाली, "औषध तापलं की हा काळा पडतो. मग किती बर्फात घाला, परत पांढरा होत नाय. मला लपवायचं म्हटलं तरी लपवता येनार नाय. मासळी शिळी झाल्यावर बर्फ घातला तर ती चोरी. जाळ्यातून काढल्या काढल्या घातला, तर ती राखन."

मी बाटली उजेडात धरली, नखाने खरवडून पाहिली, उलटी केली. जन्मभर मासळी पारखलेला माणूस मी, खोट सापडली असती तर सोडली नसती. बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "माल बरा आहे," मी म्हटलं. याहून जास्त मी कोणाच्याच मालाला म्हटलेलं नाही. नातवाला मीच मांडीवर घेतलं.

आता ही मला गावभर टोमणे मारणार म्हणून मी आठ दिवस चांगली उत्तरं तयार ठेवली. ती सगळी फुकट गेली. तिने घरोघर एवढंच सांगितलं, "व्याह्यांनी स्वतः पारखून घेतलं." झालं, पुढच्या फेरीला मी म्हाताऱ्याने बाटली बघितल्याशिवाय बाया पोराचं तोंड उघडू देईनात. दर फेरीला टेबलाशी मी बसायचो आणि ती खेकसायची, "लवकर बघा, सोनं नाय ते!" फुल्या गेल्या.

हल्ली ती गोखिवऱ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेले. परवा सुके बोंबील घेऊन गेलो तर पाणीसुद्धा न विचारता म्हणाली, "या फेरीला कळंबला कोन राहिलं?"

"कोणी नाही."

"कोनीच नाय?" बरं झालं, बरं झालं म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून खिडकीच्या गजांकडे बघत बसली. तिला गप्प बसलेली बघायची मला सवय नाही.

"एक आहे," मी म्हटलं. "खाडीकडे नवीनच राहायला आलाय. म्हातारा. डोस पाजायला येणाऱ्या पोरींना दारातूनच परतवतो." असा कोणी म्हातारा कळंबला नाही.

ती भिंत धरून उठली. "नाव सांगा."

चौकशी करून सांगतो म्हणून निघालो. दोन जिने उतरलो तरी वरून आवाज येतच होता, "व्याहीबुवा, त्याच्याशी भांडू नका हां! आधी विचारा, नको का म्हनतो ते!"