दोन इंच वजा

वेंडेल टार्प्लीला कोणाची उंची कधी विचारावी लागली नाही. मुलगा कोल्ड्रिंकच्या मशीनशेजारी उभा राहिला की काम झालं. मशीन सहा फूट, शाळेचा दरवाजा सहा फूट आठ इंच, आणि या दोघांनी आजवर कोणाला फसवलेलं नाही, असं तो म्हणे. फसवतात ते कोच.

अलाबामातल्या एका मधल्या वकुबाच्या विद्यापीठासाठी अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू हुडकायचं काम त्यानं सव्वीस वर्षं केलं. बडी विद्यापीठं चार-पाच ताऱ्यांची मुलं उचलतात. हे तारे, म्हणजे खेळाडूंचे गुण, वाटतात वेबसाइटवाले, आणि ते वेबसाइटवाले जातात कुठे, तर जवळ विमानतळ आणि बरं हॉटेल असेल तिथे. वेंडेल जायचा त्याच्या पलीकडे. जिथे अख्ख्या संघात एकवीस मुलं असतात, आणि सामन्याच्या मध्यंतरात त्यांतलीच दोघं-तिघं हेल्मेट काढून, अंगावर चिखल तसाच ठेवून, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला उभी राहतात, तिथे. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी, टरफलं कॉफीच्या रिकाम्या कपात, आणि शेजारच्या सीटवर वही.

सामना तो फारसा बघत नसे. हातून चूक झाल्यावर मुलगा मैदानाबाहेर कसा येतो, ते बघे. पाणी देणाऱ्याकडे मान वळवून बघतो की नुसताच हात पुढे करतो, ते बघे. आई किती उंच आहे, बुटाचा नंबर काय, हे गोड बोलून काढून घेई. ज्यांना एकही तारा नव्हता अशी किती पोरं त्यानं आणली, आणि त्यांतली सहा पुढे व्यावसायिक संघांतून खेळली. त्यांचे फोटो ऑफिसच्या भिंतीवर होते. कीटन नावाचा नवा तरणा साहेब आला, भिंतीवर मोठा पडदा लागला, आणि फोटो जिन्याखाली गेले. तक्रार केली तरी ऐकणारं होतं कोण?

आता त्या दोन इंचांचं. दर जूनमध्ये शाळांच्या याद्या येतात: नाव, उंची, वजन. आणि या याद्यांत प्रत्येक कोच आपल्या पोराची उंची दोन इंच वाढवून लिहितो. त्यात कोणाला पाप वाटत नाही. शेजारची शाळा वाढवते म्हणून आपणही वाढवायची, नाहीतर आपलं पोर मागे पडतं. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून यादी हातात घेणारा प्रत्येक जण दोन इंच वजा करूनच वाचतो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. वेंडेलचं तर इतक्यांदा पोळलं होतं, की वजाबाकी करतोय हेही त्याच्या ध्यानात येत नसे.

त्या वर्षी जूनमध्ये बेल्स फेरी नावाच्या एवढ्याशा शाळेची यादी आली होती. त्यात लॅडेरिक पेटवे, सहा फूट चार इंच. चेंडू फेकणाऱ्याची राखण करायला जी भिंत उभी करतात, त्या भिंतीच्या टोकाला उभा राहणारा. त्या जागेला सहा-चारच्या खालचा मुलगा कोणी फुकटही घेत नाही. वेंडेलनं वहीत सहा-दोन लिहिलं, कॉम्प्युटरमध्ये सहा-दोन टाकलं, पुढे ‘नको’ लिहिलं आणि पान उलटलं. शाळेच्या कोचनं, होझिया रुडॉल्फनं, एकदा येऊन बघा म्हणून दोन पत्रं पाठवली. हातानं लिहिलेली. अशी पत्रं सगळेच पाठवतात.

फेब्रुवारी उजाडला. करारांचे दिवस सरले, सगळ्या जागा भरल्या, एक उरली. कीटन म्हणाला, शुक्रवार सकाळपर्यंत कोणी असेल तर सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कॉलेजातून नाव काढून आलेला एक घेतो. हल्ली असंच चालतं. अठरा वर्षांचं पोर आणून चार वर्षं वाढवायला कोणाला सवड नाही; तेवीस वर्षांचा दाढीवाला आयता मिळतो.

गुरुवारी दुपारी वेंडेल बास्केटबॉलचा एक सामना बघायला गेला. बघायचा होता पाहुण्या संघातला एक मुलगा. यजमान होती बेल्स फेरीची शाळा. खेळाडू आतून बाहेर आले, आणि त्यांतला एक दारातून येताना वाकला. फार नाही, थोडासा. डोकं लागणार नव्हतं, पण सवयीनं वाकला, रोज वाकणारा वाकतो तसा. वेंडेलच्या हातातली शेंग हातातच राहिली.

मध्यंतरात तो पोरगा मशीनपाशी पाणी घ्यायला आला तेव्हा हिशोब लागला. चार इंच वर. वेंडेलनं नाव विचारलं आणि वहीतलं जूनचं पान काढलं. पुढचा सामना त्यानं बघितला नाही.

सामना संपल्यावर त्यानं लॅडेरिकला बूट काढून भिंतीला टेकवला आणि टेप लावली. सहा फूट चार. हात पसरायला सांगितले, तर टेप पुरेना. मुलगा हसला, मग उगीच हसलो असं वाटून गप्प झाला. त्याची आई कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होती. शाळा संपली की पुढच्या सोमवारपासून यालाही तिथेच लागायचं होतं, आणि तसं त्यानं अगदी सहज सांगितलं. मग वेंडेलकडे न बघता म्हणाला, “तुम्ही खरंच बघायला आलात ना, सर? नाही, आजवर कोणी आलंच नाही.”

वेंडेलनं रुडॉल्फला कोपऱ्यात घेतलं. “तुम्ही उंची खरी लिहिली होतीत?”

“टेप लावली, आकडा आला, तो लिहिला.” रुडॉल्फ चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, नाकासमोर चालणारा माणूस. “का? कसं लिहायचं असतं?”

वेंडेल तडक गाडीकडे गेला. गाडीत बसून कीटनला फोन लावला. कीटननं नाव शोधलं आणि म्हणाला, “वेंडेल, इथे तुमच्याच नावानं नोंद आहे. सहा-दोन, नको. आठ महिन्यांत पोरगा दोन इंच वाढला?”

“मी मोजलं नव्हतं. वजा केलं होतं.”

“म्हणजे?”

वेंडेलनं समजावलं. मग कीटननं विचारलं, “आणि असं किती पोरांचं वजा केलंत तुम्ही?”

त्यात टोमणा नव्हता. पोरगेलासा माणूस, त्याला खरंच कळेना. पण वेंडेलला त्या क्षणी सव्वीस वह्या दिसल्या, आणि त्यांतली खोडलेली नावं. त्यांतला आणखी एखादा खरी उंची लिहिलेला असेल, दोन असतील, दहा असतील. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि काडी लावणारा हा.

कीटन म्हणाला की दाढीवाल्यानं दुपारीच हो म्हटलंय. शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं, असं वेंडेल म्हणाला. कीटन सॉरी म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटलंही असावं.

मग वेंडेलनं जुन्या दोस्तांना फोन केले. तिघं होते, तीन कॉलेजांत हेच काम करणारे. त्याच्याबरोबर पेट्रोल पंपावरची तळलेली कोंबडी खात म्हातारे झालेले. पहिल्याच्या जागा भरलेल्या. दुसऱ्यानं उचलला नाही. तिसरा डॉयल हॅगूड. त्याच्याकडे जागा होती, आणि अगदी हीच होती.

“उंची?” डॉयलनं विचारलं.

“सहा-चार.”

“म्हणजे सहा-दोन.”

“नाही रे. सहा-चार. आत्ता मोजलीये. माझ्या हातानं, बूट काढून.”

डॉयल हसला. “अरे, तुझ्याच हातानं मोजलेला तो टस्कलूसाकडचा पोरगा आठवतो का? तुझी टेप जरा सैल असते, वेंडेल. माझीही असते. आपल्याला पोरं खपवायची असतात, बाबा. नको, सहा-दोन नको मला.”

टस्कलूसाकडच्या पोराची गोष्ट खरी होती. आवडलेल्या मुलांना वेंडेलही एखादा इंच चढवूनच सांगायचा. सगळेच सांगायचे. लांडगा आला म्हणून तो किती वेळा ओरडला, ते डॉयलच्याही वहीत असणार.

लॅडेरिक अजून पायरीवर बसला होता, बुटांच्या नाड्या न बांधता. वेंडेल त्याच्याजवळ गेला आणि जागा नाही म्हणून सांगितलं. का नाही, ते सांगायची छाती झाली नाही. “हो सर,” लॅडेरिक म्हणाला. मग एवढ्या लांब आल्याबद्दल त्यानं थँक्यू म्हटलं. वेंडेल ज्या गोष्टी मुलांत शोधत आला होता, त्यांतली ही सगळ्यांत वरची.

मे महिन्यात वेंडेलचं टेबल गेलं, नोकरीही. जूनमध्ये तो कोणी न बोलावता बेल्स फेरीला गेला. शाळेला सुट्टी होती. रुडॉल्फ ऑफिसात एकटाच पुढच्या वर्षाची यादी भरत बसला होता. लॅडेरिक पहिल्या पाळीला जातो, तिथे कोंबड्या आकड्यांना लटकवतात, उंच माणसाला ते काम सोपं पडतं, असं त्यानं सांगितलं. वेंडेलनं मग सगळं सांगून टाकलं: याद्या, वजाबाकी, वही. रुडॉल्फनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“मी सहा-सहा लिहिलं असतं तर?” त्यानं शेवटी विचारलं.

“तर मी सहा-चार वाचलं असतं. जूनमध्येच आलो असतो.”

रुडॉल्फनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरच्या यादीत लॅडेरिकच्या धाकट्या भावाचं नाव होतं, आणि पुढची जागा रिकामी. टेप टेबलावरच पडली होती. सकाळीच मोजलं होतं.

“याला किती लिहू?” रुडॉल्फनं विचारलं.

वेंडेलनं खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर गवत वाढलं होतं.

“दोन वाढवा,” तो म्हणाला.

रुडॉल्फनं दोन वाढवून लिहिलं. त्या रविवारी तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला नाही. मागे, दारापाशी बसला, असं वेंडेलला नंतर कोणीतरी सांगितलं.