चिमावन्संचा पाट

ये सगुणे, कागदावरच का होईना, अशी जवळ बस आणि जरा ऐकून घे. कोपरीहून कल्याण काय विलायतेइतकं लांब आहे? पोर पाच महिन्यांचं झालं, आजीने अजून त्याचं तोंड नीट पाहिलेलं नाही, आणि निरोप काय धाडतेस, तर आत्याला देवी येऊन गेल्या होत्या तरी ती गेलीच ना, मग माझ्या पोराला कशाला टोचायचं... वाचणाऱ्यांना सांगते, सगुणा माझी थोरली लेक, आणि तिची आत्या म्हणजे माझ्या नणंदबाई, चिमावन्सं. त्यांना जाऊन काही आठवडे झाले. कासारांच्या जगन्नाथने रस्त्यावरूनच हाक मारून सांगितलं. दाराशी यायचं नाही असा तेव्हा नियमच होता. मी तांदूळ निवडत होते. निवडून झाले, मग उठले.

वन्संना देवी लहानपणी आल्या. वाचल्या, पण तोंडभर वण राहिले, आणि सासरच्यांनी ते निमित्त करून त्यांना परत धाडलं. पुढे गावात कुणाकडे देवी आल्या की दाराला कडुलिंब लागे, घरातली फोडणी बंद होई, आणि वन्संना बोलावणं येई. ज्याला एकदा येऊन गेल्या त्यानेच आजाऱ्यापाशी बसायचं, ही आपल्याकडची रीतच. वन्सं आपला पाट काखेत मारून निघत. लोकांच्या घरचा पाट त्यांना टोचे म्हणे. पार विठ्ठलवाडीपर्यंत जात. पोरांच्या अंगावरून लिंबाचा डहाळा फिरवत, पाणी पाजत, खाजवू देत नसत. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? तर हसून म्हणाल्या, "अगं, बाई मला ओळखतात. एकदा जेवून गेल्या त्या घरी पुन्हा पाट मांडायला सांगत नाहीत."

तुला टोचायला मीच नेलं होतं, तेव्हा तिथल्या देवीडॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या वन्संचं बरोबर आहे, फक्त ओळख बाईंची नव्हे, अंगाची. दुखणं एकदा अंगात शिरलं की अंग त्याच्याशी झुंजायला शिकतं, आणि माणूस तगला तर ते शिकलेलं विसरत नाही. तेच दुखणं पुन्हा आलं की अंग आधीच तयार असतं. टोचतात तेव्हा दंड सुजतो, ताप येतो, खपली धरते, ते अंगाचं शिकणंच. फक्त गुरुजी मवाळ. पण प्रत्येक दुखण्याचा धडा निराळा, हेही ते म्हणाले होते. मी घरी येऊन सगळं सांगितलं. वन्संनी आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं.

मग यंदा तो गाठीचा ताप आला. उंदीर पडू लागले, गावाबाहेर झोपड्या उभ्या राहिल्या. जगन्नाथची बायको आजारी पडली, तिला तिकडे नेलं आणि तिच्यापाशी बसायला कुणी तयार होईना. वन्सं निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, हे देवींचं दुखणं नव्हे, तुमच्या अंगाला याची ओळख नाही.

"त्या एवढ्या थोरल्या बाई घरी येऊन गेल्या," त्या म्हणाल्या, "हा कालचा ताप मला काय विचारतोय? सर बाजूला, ती पोर एकटी आहे."

सरले. काय करणार होते... लाकडी सामान आत नेऊ देत नाहीत असं कळलं होतं, म्हणून पाट इथेच ठेवून गेल्या. जगन्नाथची बायको वाचली. वन्संच्या काखेत गाठ आली आणि त्या तिथेच गेल्या.

तेव्हा सगुणे, देवींनी तुझ्या आत्याला दगा दिला नाही. इतकी वर्षं देवींच्या घरांत बसून त्यांना साधा फोडही आला नाही. चूक झाली ती एवढीच, की एका दुखण्याची ओळख त्यांनी सगळ्यांना लागू धरली. आणि तू आता तीच चूक उलटी करत्येस. एका दुखण्याने माणूस नेलं म्हणून दुसऱ्याचा इलाजच नको म्हणतेस. तुझ्या पोराचं अंग अजून कोरं आहे, बाळ. बाई पहिल्यांदा आल्या की काय करतात, ते तुझ्या आत्याच्या तोंडावर तू रोज पाहिलंस.

पाट अजून दारामागे उभा आहे. दोन्ही कडा त्यांच्या काखेत घासून गुळगुळीत झाल्यात. झाडताना मी तो उचलते, पुन्हा तिथेच ठेवते. बसत कुणी नाही. देवीडॉक्टर येत्या सोमवारी आपल्या आळीत येणार आहेत. पोराला घेऊन त्याआधी ये. त्याला मांडीवर घेऊन त्या पाटावर तूच बस.