भोंग्यावर दोन नावं

पेठच्या स्टँडवर एसटी उभी होती आणि तिच्या दारात माझे वडील काठी आडवी धरून उभे होते. नवरा वारल्यावर मी माहेरी आले होते. शांता ओझरची, आमच्या शेतात कांदे काढायला यायची, पुढं माझ्याच खोलीत राहायला लागली. दोन बायका एका खोलीत, त्यात कोणाला काही वाटलं नाही. मग मी दुसऱ्या लग्नाला नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. "गेलीस तर हिला घेऊन परत गावात पाय ठिवू नको," वडील म्हणाले. मी काठी बाजूला सारली. दोघी चढलो.

भोसरीत रूम घेतली, कंपनीत पॅकिंगला लागलो. शेजारी विचारायचे, "बहिणी का?" रूम जाईल म्हणून हो म्हणायचो. नंतर पुण्यात आमच्यासारख्यांचा मोर्चा निघतो असं कळलं, तेव्हा गेलो. तिथं पहिल्यांदा मी चारचौघांत शांताचा हात धरला. मोर्चातली पोरं रस्त्यावर ओरडली, कोर्टात भांडली, तेव्हा कोर्टानं सांगितलं, असं नातं हा गुन्हा नाही. लग्नाला मात्र मान्यता दिली नाही, ते संसदेनं बघावं म्हणे. उद्या शांता आजारी पडली तर मी तिची कोण, हे हॉस्पिटलवाले ठरवणार. म्हणून गुडघे दुखतात तरी अजून मोर्चाला जातो.

गावकऱ्यांनो, कायदा कसा बदलतो हे तुम्हाला मी काय सांगू? बैलगाडा शर्यतीवर बंदी होती तेव्हा माझा भाऊ दत्तू बैल घेऊन हायवेवर बसला होता. आता शर्यती जोरात आहेत. यंदा त्याचा फोन आला.

"आक्के, जत्रंला ये. पण एकटी ये. पावणं काय म्हणतील?"

"तू बैल घिऊन रस्त्यात बसला, तवा पावणं काय म्हणलं?"

त्यानं फोन ठेवला.

दोघी गेलो. शर्यतीला बक्षीस देणाऱ्याचं नाव भोंग्यावर पुकारतात, म्हणून टेबलफॅन नेला. पुकारणाऱ्यानं विचारलं, "दोघी बहिणी का, मावशे?"

"न्हाई. नवरा-बायकोचं नाव जोडीनं घेता ना, तसं आमचं घे, पार्वता आन् शांता."

त्यानं दत्तूकडं पाहिलं. दत्तूनं वेसण ओढून बैल दुसरीकडं वळवला. मी फॅन परत काखेत मारला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आरं पुकार की राव, लई उकडतंय! फॅन चालला!"

माणसं हसली. त्यानं पुकारलं. "पेठच्या पार्वताबाई आणि त्यांच्या जोडीदार शांताबाई यांच्याकडून टेबलफॅन." सगळ्या माळावर ऐकू गेलं.

दत्तूनं जेवायला बोलावलं नाही. स्टँडवर मिसळ खाल्ली आणि एसटीनं परत आलो. भोसरीच्या दारावर आमची दोन्ही नावं आहेत, ते घर आहेच. पण पेठही माझं आहे, आणि जिथं माझं, तिथं शांताचंही. पुढच्या जत्रेला कूलर नेणार आहे.