डॅशबोर्डच्या पोटातला गोड वास

मूर्खपणा कोणालाही जमतो असा एक गैरसमज आहे. मी केला तसला करायचा तर त्याला किमान इंजिनीअरिंगची डिग्री लागते. बसा, चहा घ्या, सांगतो.

आमच्याकडे एक चौदा वर्षांची गाडी आहे. क्रॉसओव्हर. म्हणजे कारपेक्षा उंच, एसयूव्हीपेक्षा बुटकी, आणि सामान मात्र दोन्हींपेक्षा जास्त मावणारी. आमची सई दोन वर्षांची होती तेव्हा घेतली. तिचं प्रीस्कूल, तिचं पोहणं, आणि अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी कुटुंबांच्या आईवडिलांना एअरपोर्टवरून आणणं-सोडणं, हे सगळं या गाडीनं न कुरकुरता केलं. बरं, कुरकुरत केलं, पण केलं.

आता सई सोळाची झाली. लायसन्स मिळालं की ही गाडी तुझी, असा शब्द मी तिला देऊन बसलोय. माझ्या बायकोला, मधुराला, हे मान्य नव्हतं. गाडी दर महिन्याला काहीतरी नवं दुखणं काढते, पोर एकटी हायवेवर असताना बंद पडली तर काय, असं तिचं म्हणणं. खोटं कसं म्हणणार?

"आता आणखी एक गोष्ट बिघडली ना विनय, की मी हिला शोरूमला ट्रेड-इन करून दुसरी गाडी घेणार," तिनं सांगून ठेवलं. "मग सईला काय सांगायचं ते तू सांग."

आणि गणपती झाल्यावर दोनच दिवसांनी गाडीत वास यायला लागला.

घाण वास नव्हे. गोड. ऑफिसला जाताना मला आधी बरंच वाटलं. मग समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. संध्याकाळी घरी आल्यावर शेजारच्या सीटच्या पुढचं मॅट उचलून पाहिलं, तर खालचं कार्पेट ओलं, चिकट आणि नारिंगी.

मी मॅट होतं तसं परत ठेवून दिलं. का ते सांगतो. गाडीत हिवाळ्यात गरम हवा सोडायला एक छोटा रेडिएटर असतो, हीटर कोअर म्हणतात त्याला. तो डॅशबोर्डच्या पार पोटात बसवलेला असतो. त्यातून इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरतं. तो गळायला लागला की काय होतं? गोड वास येतो, काच धूसर होते आणि त्याच बाजूचं कार्पेट चिकट होतं. आमच्या गाडीतलं कूलंट कुठल्या रंगाचं? नारिंगी. डॉक्टरनंसुद्धा यापेक्षा कमी पुराव्यावर ऑपरेशन केलं असतं.

शनिवारी मधुरा तिच्या मैत्रिणींबरोबर दोन दिवस डोंगरात जाणार होती. म्हणजे तिला पत्ता लागायच्या आत दुरुस्ती करायला माझ्याकडे शनिवार आणि रविवार होते.

आता मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. हसू नका, सर्टिफिकेट आहे. बावीस वर्षं डेटाबेस सांभाळतोय ही गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये मी एक लोखंडी ठोकळा तीन आठवडे घासून चौकोनी केला होता. त्यानंतर धातूला हात लावल्याचं आठवत नाही, पण माणूस शिकलेलं विसरत नाही ना?

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लक्षणं टाकली. अकरा जणांनी उत्तर दिलं. अकराही जण सॉफ्टवेअरमध्ये, आणि अकराही जणांचं एकमत, हीटर कोअर. नागपूरचा वानखेडे तर पान्यांचा सेट घेऊन शनिवारी सकाळी दारात हजर.

"मेकॅनिककडे नको यार," तो म्हणाला. "व्हिडिओ आहे. त्या माणसानं बावीस मिनिटांत डॅशबोर्ड काढला."

सई जिन्यात वाडग्यातलं दूध-सीरियल खात उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, डिड यू चेक इफ द कूलंट इज ॲक्च्युअली लो?"

मी चेक केलं होतं. पातळी अगदी बरोबर होती. पण वानखेडे म्हणाला, जुन्या गाडीत असं असतं, आणि मला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं.

त्या माणसाला बावीस मिनिटं लागली, आम्हाला संध्याकाळचे सहा वाजले. बॅटरी सोडवली, ग्लोव्ह बॉक्स काढला, रेडिओ काढला, मग एकेक करत अख्खा डॅशबोर्ड गॅरेजच्या जमिनीवर आडवा झाला. स्क्रू मी आईच्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांमध्ये नीट वेगवेगळे ठेवले होते. शेवटी हीटर कोअर दिसला. वानखेडेनं त्याची नळी ओढून पाहिली, मीही ओढून पाहिली.

"सुका वाटतोय बे," तो म्हणाला.

"आतून गळत असेल," मी म्हणालो. आतून म्हणजे कुठून, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तेवढ्यात आई चहा घेऊन गॅरेजमध्ये आली. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. तिनं आधी जमिनीवरचा डॅशबोर्ड बघितला, मग त्या वाट्या बघितल्या. वाट्यांबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती ते बघा.

"काय झालंय रे गाडीला?"

"हे कार्पेटवरचं गळतंय. हात लावू नकोस, विषारी असतं ते."

एव्हाना तिचा हात लावून झाला होता. तिनं ते चिकट अंगठ्यावर आणि तर्जनीवर घेतलं, दोन्ही बोटं चिकटवली आणि हळूच लांब केली. मधे एक बारीक तार आली. तिनं ती उजेडाकडे धरून पाहिली. मग वास घेतला.

"विनू," ती म्हणाली, "एकतारी आहे. वेलदोडा आहे, केशर आहे. अरे हा माझा पाक आहे."

वानखेडे चहात बघत राहिला.

झालं होतं असं. मंडळाच्या गणपतीला चारशे गुलाबजाम आईच्या हाताखाली झाले. उरलेला पाक टाकायचा नाही, त्याचे शंकरपाळे करायचे, हा आमच्या घरचा कायदा. म्हणून मंडळातल्या जोशीबाईंनी तो पाक दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून आईसाठी माझ्या हातात दिला होता, आणि मी तो शेजारच्या सीटच्या पुढे खाली ठेवला. डब्याला तळाशी चीर होती. घरी आल्यावर डबा हलका लागला, तेव्हा मला वाटलं, धुवायला रिकामा डबा दिला असेल. मी तो रिसायकलिंगमध्ये टाकला. आईनं विचारलं तेव्हा पाक उरलाच नाही म्हणून सांगून मोकळा झालो.

"आणि मी आठवडाभर जोशीबाईंवर संशय घेतेय," आई म्हणाली. "परवा त्यांच्या घरी शंकरपाळे झाल्याचं कळलं तर मी त्यांचा फोनसुद्धा उचलला नाही. उद्या आधी मला तिकडे घेऊन चल."

खरं सांगू? मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला. गाडी धडधाकट होती. सईला दिलेला शब्द शाबूत होता, आणि मधुराला यातलं काही कळायची गरज नव्हती. कार्पेट गरम पाण्यानं तीनदा धुतलं. रविवारी दुपारपर्यंत डॅशबोर्ड जागेवर बसवला. पाच स्क्रू उरले. वानखेडे म्हणाला, कंपन्या जास्तीचेच लावतात.

संध्याकाळी आईला शेजारी बसवून मी जोशीबाईंकडे निघालो. सई मागे. तीन सिग्नल झाले, काच स्वच्छ, वास नाही. मी शीळ घालत होतो.

चौथ्या सिग्नलला आई म्हणाली, "विनू, माझ्या पायावर काहीतरी गरम पडतंय."

गाडी बाजूला घेतली. खाली नारिंगी थारोळं साचत होतं. आईनं पाय वर घेतले, शांतपणे बोटावर थेंब घेतला, बोटं लांब केली.

"याला तार येत नाही," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी ओढून पाहिलेल्या त्या नळीपाशी हीटर कोअर तडकला होता. चौदा वर्षं तो एक थेंब गळला नव्हता. म्हणजे माझं निदान अचूक होतं, फक्त काही दिवस लवकर झालं होतं.

गाडी उचलून न्यायला बोलावलेला टो ट्रक आला, आणि त्याच्या मागून मधुराची गाडी आली. डोंगरातून परतताना सईनंच तिला बोलावून घेतलं होतं. मधुरानं उतरल्या उतरल्या आईच्या पायांवर पाणी ओतलं. सई फुटपाथच्या कडेवर बसून होती. गाडी ट्रकवर चढताना तिनं एकदा बघितलं आणि मान फिरवली. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

बुधवारी मेकॅनिकचा फोन आला. आम्ही तिघं गेलो. मेकॅनिक साठीचा, हळू बोलणारा गोरा गृहस्थ. त्यानं हात पुसत मधुराला सांगितलं, "इंजिन उत्तम आहे, गिअर उत्तम आहेत. नीट वापरलेली गाडी आहे. मी माझ्या नातीला बिनधास्त दिली असती."

मधुरानं गाडीकडे पाहिलं, मग सईकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू दे."

सईनं तिला मिठी मारली. मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

"एकच विचारायचं होतं," मेकॅनिक म्हणाला. "आधी हा डॅशबोर्ड कोणी उघडला होता? निम्म्या क्लिप तुटल्यात, एक वायर उलटीकडून नेलीय, आणि आत एक चहाचा चमचा मिळाला."

"आहे एक ओळखीचा माणूस," मी म्हणालो.

"त्याच्यापासून लांब राहा," तो कळकळीनं म्हणाला.

सईनं किल्ली घेतली आणि सुस्कारा सोडला.

"वी कान्ट," ती म्हणाली. "वी लिव्ह विथ हिम."